चाचणी मुलीची, साक्ष घरच्यांची

मानसोपचारतज्ज्ञांनी चिठ्ठीवर 'पर्सनॅलिटी असेसमेंट' लिहून दिलं की घरात बहुधा दोन पक्ष पडतात. एका पक्षाला वाटतं, पोरीच्या स्वभावाला आता आजार ठरवणार. दुसऱ्याला वाटतं, इतकी वर्षं जे चाललंय ते काय आहे हे निदान कळेल तरी. पुढचा संवाद या दोन पक्षांचा आहे. पात्रं कल्पित आहेत. वडील बँकेतून निवृत्त झालेले, साताऱ्याचे. त्यांची धाकटी बहीण पुण्याला मानसोपचार विभागात समाजसेविका होती, तीही आता निवृत्त. वडिलांची मुलगी सव्वीस वर्षांची, पुण्यात नोकरीला. संवादात आलेले कायदे, संशोधन आणि आकडे मात्र खरे आहेत.

वडील: चिठ्ठी वाचलीस ना, बेबी? 'बॉर्डरलाइन ट्रेट्स' आणि पुढे प्रश्नचिन्ह. खाली लिहिलंय, आईवडिलांना घेऊन या. स्वभावाला औषध नाही, हे आपली आजी फुकटात सांगायची.

आत्या: आजीचं बरोबरच होतं, दादा. स्वभावाला औषध नाही, कारण स्वभाव हा आजारच नाही. हट्टी, तापट, संशयी, कंजूष अशी माणसं आपल्या वाड्यात काय कमी होती? त्यांना कुणी दवाखान्यात नेलं नाही आणि न्यायचं कारणही नव्हतं. इथे तपासायचंय ते वेगळं. वागण्याची एकच तऱ्हा वर्षानुवर्षं आणि सगळीकडे दिसते का, घरी, ऑफिसात, मैत्रीत, प्रेमात? तिच्यापायी माणसाचं स्वतःचं किंवा जवळच्यांचं सारखं नुकसान होतं का? आणि नुकसान कळत असूनही ती तऱ्हा सोडता येत नाही, असं आहे का? या तिन्हींचं उत्तर हो आलं तरच डॉक्टर विकाराचा विचार करतात.

वडील: दोन नोकऱ्या सोडल्या तिने. आजकाल सगळीच पोरं सोडतात.

आत्या: नोकऱ्या सोडल्या म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठी दिलेली नाही. तिच्या हातावरच्या खुणा तू पाहिल्यास.

वडील: तो विषय नको.

आत्या: मी नाही काढत. तिथे मात्र काढतील, आणि तेव्हा तू खोलीबाहेर जायचं नाहीस एवढंच सांगते.

वडील: मी काही अडाणी नाही. नेटवर वाचलं. नऊ लक्षणं दिलीयत, पाच जुळली की शिक्का. मी कागद घेऊन हिशेब केला. नऊपैकी पाच किंवा जास्त निवडायचे २५६ प्रकार होतात. दोन माणसांत फक्त एक लक्षण सारखं असेल, तरी दोघांना नाव एकच! कर्जखात्यांचं असलं वर्गीकरण मी केलं असतं तर ऑडिटरने मला घरी बसवलं असतं.

आत्या: हिशेब चोख आहे. पण हा आक्षेप तुझ्याआधी मानसोपचारवाल्यांनीच घेतलाय. तू वाचलंस ती डीएसएम या अमेरिकन निदानपुस्तिकेची पद्धत. 'बॉर्डरलाइन' व्यक्तिमत्त्व विकार हे नाव त्या पुस्तकात आलं १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत. २०१३ ला पाचवी आवृत्ती निघाली तेव्हा जुने दहा प्रकार बदलायचे की नाहीत यावर बरीच भवति न भवति झाली. शेवटी दहाही ठेवले आणि मागच्या भागात पर्यायी पद्धतही छापली. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची वर्गीकरण-यादी, आयसीडी-११, त्यापुढे गेली. ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तिने जुने कप्पेच मोडले. आता आधी विचारतात, त्रास सौम्य, मध्यम की तीव्र? मग पाच कल बघतात: नकारात्मक भावनांचा जोर, लोकांपासून तुटलेपण, दुसऱ्याची पर्वा नसणं, स्वतःला आवर नसणं आणि काटेकोरपणाचा अतिरेक. 'बॉर्डरलाइन' ही तिथे फक्त एक जादा नोंद म्हणून उरली आहे.

वडील: म्हणजे चाळीस वर्षं ज्या पाट्या लोकांच्या गळ्यात घातल्या, त्या आता तुमच्याच लोकांना पटत नाहीत. आणि माझ्या मुलीला मी तिथे न्यायचं?

आत्या: म्हणूनच पाटी आणायला जायचं नाही. अहवालातल्या निदानाच्या एका ओळीपेक्षा तिच्या वरची दोन-तीन पानं महत्त्वाची. ती कशाने उसळते, उसळल्यावर काय करते, शांत व्हायला किती वेळ लागतो, कोणत्या वयात हे सुरू झालं, तिच्यात चांगलं काय आहे ज्यावर उभं राहता येईल, हे सगळं त्यात हवं. नुसतं नाव हातात ठेवलं आणि बाकी काही नाही, तर ते असेसमेंट अर्धवट झालं असं खुशाल समज.

वडील: करतात तरी काय तिथे? शाईचे डाग दाखवून विचारतात ना, फुलपाखरू दिसतं की वटवाघूळ?

आत्या: आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी डाग अजून दाखवतात. पण नुसत्या डागांवरून हे निदान करणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. मुख्य काम असतं बोलण्याचं. आधी मानसोपचारतज्ज्ञ सगळा इतिहास घेतात: जन्म, शाळा, मैत्रिणी, आजारपणं, अपघात, लहानपणी कुणी त्रास दिला का, दारू-सिगारेट, झोप, पाळी, घरात कुणाला मानसिक आजार होता का. मग क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ठरावीक आराखड्याची मुलाखत घेतात. त्यात प्रत्येक प्रश्नाला उदाहरण मागतात. 'तुला राग येतो का?' याला 'हो' म्हटलं की भागत नाही. शेवटचा कधी आला, काय झालं, पुढे काय केलंस, आणि असं कधीपासून, हे सगळं खोदून विचारतात. सोबत शेकडो विधानांच्या 'बरोबर की चूक' अशा प्रश्नावल्या असतात. सगळं एका दिवसात उरकत नाही, दोन-चार बैठका धरून चाल.

वडील: रक्त तपासत नाहीत?

आत्या: तपासतात, पण व्यक्तिमत्त्व विकार शोधायला नाही. तो दाखवणारी रक्ताची चाचणी नाही, एमआरआयही नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ बघतात ते दुसरं काही सुटू नये म्हणून. डिप्रेशन, बायपोलर, एडीएचडी, ऑटिझम, जुना मानसिक आघात, नशा, डोक्याला लागलेला मार, यांतलं कुठलंही वरवर असंच दिसू शकतं. बायपोलर आणि बॉर्डरलाइन यांची गल्लत तर नेहमीची. ढोबळ फरक सांगायचा तर बायपोलरमध्ये मूड दिवस-आठवडे एका टोकाला राहतो. बॉर्डरलाइनमध्ये सकाळी हसणारी मुलगी एका मेसेजने दुपारी कोसळते आणि रात्री पुन्हा ठीक होते. उपचार दोन्हींचे वेगळे, म्हणून ही छाननी लागते. आणि माणूस ऐन संकटात असेल, नशेत असेल, किंवा गाढ नैराश्यात असेल, तर चांगला तज्ज्ञ हा निकाल पुढे ढकलतो.

वडील: आणि हे सगळे प्रश्न आलेत अमेरिकेतून. तिकडे अठराव्या वर्षी पोरं घराबाहेर पडतात. आपली पोरगी सव्विसाव्या वर्षीही मोठा निर्णय आईला विचारून घेते. तिला परावलंबी ठरवतील.

आत्या: जो तसं ठरवेल तो तज्ज्ञ नव्हे. डीएसएममध्येच लिहिलंय की वागणं त्या माणसाच्या संस्कृतीत जे अपेक्षित असतं त्यापासून ठळकपणे वेगळं असायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने आयपीडीई नावाची मुलाखतपद्धत बनली, तिच्या चाचण्या अकरा देशांत झाल्या आणि त्यांत आपलं बेंगळुरू होतं. तिचा एक नियम मला आवडतो. वागण्याची तऱ्हा निदान पाच वर्षं टिकलेली हवी आणि एखादं लक्षण तरी पंचविशीच्या आत दिसलेलं हवं. म्हणजे मागच्या महिन्यात ब्रेकअप झालं आणि पोरगी रडतेय, एवढ्यावर कुणी शिक्का मारू नये. आणि हे पाच वर्षांपूर्वीचं सांगणार कोण? तुम्ही दोघं. तिला स्वतःला ते धड आठवेलच असं नाही. म्हणून आईवडिलांना घेऊन या असं लिहिलंय.

वडील: मला वाटलं, आमचीच झडती घ्यायला बोलावलंय.

आत्या: साक्षीला बोलावलंय. आणि साक्षीदाराने विशेषणं द्यायची नसतात. 'ती फार हट्टी आहे, उर्मट आहे' असं सांगशील तर त्यांच्या काही कामाचं नाही. 'दिवाळीत मैत्रिणीने फोन उचलला नाही, तर रात्री नऊला घर सोडून गेली, पहाटे परत आली आणि मग आईच्या कुशीत शिरून माफी मागितली' असं सांगशील तर ते कामाचं. जाताना एका वहीत वर्षवार लिहून ने: शाळा बदलली कधी, दहावीला काय झालं, हॉस्टेल, पहिली नोकरी, कुठल्या वर्षी काय बिघडलं. जुन्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड घे. चांगलंही लिही. तुझ्या बायपासच्या वेळी रात्रभर दवाखान्यात कोण बसलं होतं, तेही. आणि कृपा करून तिला 'असं सांग, तसं सांगू नको' म्हणून पढवू नकोस.

वडील: आम्ही बोललो की आम्हाला निकालही कळायला हवा. कागद माझ्या हातात देतील ना?

आत्या: नाही.

वडील: नाही म्हणजे? फी मी भरतोय!

आत्या: ती सज्ञान आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याच्या २३ व्या कलमाने माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तिचा, आणि २५ व्या कलमाने स्वतःची कागदपत्रं बघण्याचाही. जिवाला धोका असेल, दुसऱ्या कुणाला इजा होणार असेल, तर अपवाद आहेत. एरवी तिच्या संमतीशिवाय डॉक्टर तुला काही सांगणार नाहीत. तू जे सांगशील ते ऐकून घ्यायला मात्र त्यांना कायदा अडवत नाही. तिला आधीच विचार, 'अहवाल समजावून सांगतील तेव्हा आम्ही असावं असं तुला वाटतं का?' नको म्हणाली तर मान्य कर. खरं तर तिने हो म्हणावं अशी इच्छा असेल, तर नको म्हणायची मोकळीक आधी दिलीच पाहिजे.

वडील: मग लग्नाचं बोल. उद्या स्थळ आलं आणि हा कागद निघाला तर? हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचं कारण आहे, एवढं मला माहीत आहे.

आत्या: कलम आहे, पण अर्धंच सांगतोयस. विकार अशा प्रकारचा आणि इतका तीव्र हवा की जोडीदाराने सोबत राहावं अशी अपेक्षाच करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये रामनारायण गुप्ता यांच्या खटल्यात सांगितलं की नुसतं आजाराचं नाव पुरेसं नाही, प्रमाण बघावं लागतं. आणि तो खटला स्किझोफ्रेनियाचा होता. तरीही तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. कायदा कलम बघतो, समाज कुजबुज ऐकतो. म्हणून कुणाला काय सांगायचं हे तिने ठरवायचं. ऑफिसचंही तेच. मात्र ज्याच्याशी लग्न ठरेल त्याला तिने स्वतः, तिच्या शब्दांत सांगावं. लपवून झालेल्या लग्नांची भांडणं मी ऐकलीयत.

वडील: विमा?

आत्या: मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं २१ वं कलम सांगतं की शारीरिक आजाराला जसा विमा मिळतो, त्याच धर्तीवर मानसिक आजारालाही मिळायला हवा. पण भरती न होता घेतलेल्या समुपदेशनाचे पैसे बऱ्याच पॉलिसी देत नाहीत. पॉलिसी आधी नीट वाच. बँकेतल्या माणसाला हे मी काय सांगायचं!

वडील: आता माझं खरं म्हणणं ऐक. नाव एकदा लागलं की तिचा प्रत्येक राग लक्षण होणार. मी चुकलो, ती चिडली, तर घरचे म्हणणार, 'तिच्या आजाराने बोलतेय.' डॉक्टरही तेच म्हणणार. बायकांना तर हे नाव पटकन चिकटवतात म्हणे.

आत्या: या मुद्द्यावर तुझ्याशी भांडणार नाही. दवाखान्यांत हे निदान बायकांचं जास्त होतं, पण सर्वसाधारण लोकांची मोजणी करून झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत स्त्री-पुरुषांचं प्रमाण जवळजवळ सारखं निघालं. पुरुष तेच वागला की आपण त्याला तापट म्हणतो, फार तर व्यसनमुक्ती केंद्रात पाठवतो. आणि 'ही बॉर्डरलाइन आहे' हे वाक्य वॉर्डात शिवीसारखं वापरलेलं मी ऐकलंय. पण नाव नसताना तरी तू तिचा राग खरा मानत होतास का? 'नाटकं करते' असंच म्हणायचास. 'नाटकी' ही पाटी कुठल्या तज्ज्ञाला विचारून लावली होतीस?

वडील: ...

आत्या: निदानाचा गैरवापर होतो, म्हणून घरात एक नियम करा. भांडणात आजाराचं नाव कुणीही घ्यायचं नाही. ना तुम्ही, ना ती.

वडील: आणि हे झालं कुणामुळे? तिकडे शेवटी येणार आईबापांवरच. वाचलं मी, लहानपणी घरच्यांनी भावना नाकारल्या की असं होतं.

आत्या: हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांचं म्हणणं, पण तू पुन्हा अर्धंच वाचलंस. त्या दोन गोष्टी सांगतात. काही मुलं जन्मतःच हळवी असतात. त्यांना चटकन लागतं, जास्त लागतं आणि शांत व्हायला वेळ लागतो. अशा मुलाला 'एवढ्याशाने काय रडतेस' हेच सारखं ऐकावं लागलं की आपल्याला जे वाटतं त्यावरचाच त्याचा विश्वास उडतो. दोन्ही एकत्र आले की गाडी अडते. स्वीडनच्या लोकसंख्या नोंदींवरून मोठा अभ्यास झाला, त्यात आनुवंशिकतेचा वाटा ४६ टक्के निघाला. म्हणजे सगळं दैव नाही आणि सगळा तुमचा दोषही नाही. काही घरांत खरोखर अत्याचार झालेला असतो, त्याची चौकशी व्हायलाच हवी. काही घरं तुमच्यासारखी असतात, पोटच्या पोरीसाठी जीव टाकणारी, पण तिची भाषा न कळलेली. तुझ्या थोरल्या मुलाला जे ओरडणं मानवलं ते हिला मानवलं नाही.

वडील: बरं, समज नाव लागलं. पुढे काय? जन्मभर गोळ्या?

आत्या: या विकारावर म्हणून मान्यता मिळालेली एकही गोळी नाही. ब्रिटनची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की या विकारासाठी म्हणून औषधं देऊ नका. सोबत डिप्रेशन किंवा दुसरं काही असेल तर त्यासाठी द्या. एका माणसाला चार-पाच प्रकारच्या गोळ्या लागल्या असतील, तर कोणती कशासाठी हे विचारण्याचा तिला हक्क आहे. मुख्य उपचार बोलण्याचे आणि शिकण्याचे. सगळ्यांत जास्त तपासला गेला तो डीबीटी.

वडील: डीबीटी? थेट खात्यात अनुदान?

आत्या: हसलास, बरं झालं. तुझं डीबीटी सरकारचं. हे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, लिनेहान यांनी उभं केलं. साधारण वर्षभर आठवड्याला एक स्वतंत्र बैठक, आणि एक गटाचा वर्ग. वर्गात धडे असतात: भावनेचा लोट आला तर इजा न करता तो कसा काढायचा, मागणी कशी करायची, नाही कसं म्हणायचं. आणि २०११ मध्ये याच बाईंनी जाहीर सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः मनोरुग्णालयात होत्या, स्वतःला इजा करत होत्या.

वडील: ज्यांनी उपचार काढला त्याच?

आत्या: त्याच. आता तुला आवडेल असा आकडा देते. बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात भरती झालेल्या २९० बॉर्डरलाइन रुग्णांच्या मागावर मेरी झनारिनी दहा वर्षं राहिल्या. ९३ टक्क्यांची लक्षणं किमान दोन वर्षं निदानाच्या रेषेखाली गेली, ८६ टक्क्यांची चार वर्षं.

वडील: मग काळजीच नको!

आत्या: पुढचा आकडा ऐक. लक्षणंही गेली आणि नोकरी-शिक्षण, एखादं जवळचं नातं हेही जमलं, असे निम्मेच. कापून घेणं थांबतं, पण एकटेपण आणि कामावर न टिकणं मागे रेंगाळतं. घरच्यांचं काम तिथेच असतं. आणि हेही सांगून ठेवते की शिकलेले डीबीटी थेरपिस्ट आपल्याकडे मोजके, तेही मोठ्या शहरांत, आणि फी परवडेलच असं नाही. सरकारी मनोरुग्णालयांचे बाह्यरुग्ण विभाग आहेत, आपल्या राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. पण तिथे आठवड्याला तासभर एका माणसासाठी मिळणं अवघड.

वडील: म्हणजे उरलो आम्ही. आम्ही काय करायचं? मी सगळं वाचून काढीन म्हणतो.

आत्या: वाचन जपून. पेरी हॉफमन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये घरच्यांना या आजाराची किती माहिती आहे ते मोजलं. निघालं उलटंच. ज्यांना जास्त माहिती, त्यांचा ताण जास्त, नैराश्य जास्त, रुग्णाबद्दलची कटुताही जास्त.

वडील: बघ! मी सुरुवातीपासून हेच सांगतोय.

आत्या: सांगतोयस, आणि इथे तुझी बाजू भक्कम आहे. अभ्यास छोटा होता. माहितीने ताण आला की ताणात असणाऱ्यांनीच जास्त वाचलं, हेही त्यातून ठरत नाही. पण एकट्याने रात्री दोन वाजता नेटवर वाचलेलं माणसाला आधार देत नाही, हे मी पाहिलंय. हॉफमन यांनी मग ॲलन फ्रुझेट्टी यांच्यासोबत घरच्यांसाठी बारा आठवड्यांचा वर्ग उभा केला. शिकवणारे स्वतः अशाच घरांतले. त्यात माहितीसोबत सराव होता, आणि समदुःखी माणसं होती. वर्ग केलेल्यांचं ओझं हलकं झालं, आपल्या हातात काहीतरी आहे असं वाटू लागलं. आपल्याकडे हे नवं नाही. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये व्यसनी माणसांच्या बायकांचा 'सहचरी' गट आहेच. पेशंट नवरा असला तरी गट बायकांचा. तुला आणि वहिनीला तशीच जागा लागेल. तुमचा समुपदेशक तिच्या समुपदेशकाहून वेगळा हवा.

वडील: सराव म्हणजे काय करायचं?

आत्या: करून बघू. मी ती. 'बाबा, तुम्हाला मी नकोच होते.'

वडील: काहीतरी बोलू नकोस. तुझ्या शिक्षणासाठी मी फंड मोडला.

आत्या: संपलं. आता ती फंडावर भांडणार. तिला पावती नको होती. 'आज तुला अगदी एकटं वाटतंय ना? मी फोन उचलला नाही, ते लागलं का?' एवढंच म्हण.

वडील: म्हणजे ती म्हणते ते मान्य करायचं? ती नको होती हे धादांत खोटं आहे!

आत्या: ते मान्य करायचंच नाही. तिला एकटं वाटतंय हे तरी खोटं नाही ना? तेवढंच आधी धरायचं. वाद घालायचाच तर दुसऱ्या दिवशी, जेवण झाल्यावर. बाकी नियम साधे आहेत. घरातलं रोजचं चक्र मोडू नका, ठरलेलं घरचं कार्य रद्द करू नका. तू एक आणि वहिनी दुसरंच, असं बोलू नका. पैशाची, ओरडण्याची, रात्रीच्या फोनची मर्यादा शांत वेळी ठरवा, आणि जी पाळता येणार नाही ती ठरवूच नका. 'पुन्हा असं केलंस तर घर बंद' असं बोलून दुसऱ्या दिवशी दार उघडलंस की तिने एवढंच शिकायचं, बाबांच्या शब्दाला अर्थ नाही.

वडील: आणि ती मरायचं बोलते तेव्हा? ते लक्ष वेधायला असतं, असं म्हणतात.

आत्या: ते लक्ष द्यायलाच हवं असं बोलणं आहे. सरळ विचार, 'जीव द्यायचं मनात येतंय का? काही ठरवलंयस का?' विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही. हो म्हणाली तर एकटं सोडू नकोस, गोळ्या-बिळ्या हाताशी ठेवू नकोस, तिच्या डॉक्टरांना फोन कर किंवा थेट दवाखान्यात ने. पोलीस केस होईल म्हणून थांबू नकोस. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५ व्या कलमाने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही.

वडील: बेबी, मला सगळं पटलं असं समजू नकोस. त्या पाटीवर माझा अजूनही विश्वास नाही.

आत्या: ठेवू नकोस.

वडील: पण वही लिहितो. हिची आई आणि मी वेगवेगळी लिहू, जुळवाजुळव नको. तिला आज फोन करून विचारतो, आम्ही आलेलं चालेल का. चालणार नाही म्हणाली तर वही बंद पाकिटातून देतो, द्यायची की नाही ते तिने ठरवावं. आणि डॉक्टरांनी नाव सांगितलं की माझा एकच प्रश्न असेल: पुढे काय?

आत्या: दादा, तो प्रश्न नाव सांगण्याच्या आधी विचारलास तरी चालेल.

या दोघांत जिंकलं कुणी नाही, आणि तसं व्हायचं कारणही नाही. व्यक्तिमत्त्व विकाराच्या निदानाबद्दलची शंका आज शास्त्राच्या आतही जिवंत आहे. पण शंका आहे म्हणून तपासणीच टाळली, तर डिप्रेशन, बायपोलर किंवा थायरॉइडसारखं दुसरंच काहीतरी सुटून जातं आणि घरात 'नाटकी', 'उर्मट' या बिनतपासणीच्या पाट्या कायम राहतात. तेव्हा असेसमेंटला जावं, मात्र वेळ ठरवतानाच चार प्रश्न विचारावेत. तपासणारे मानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत का? बैठका किती आणि एकूण खर्च किती? अहवाल कुणाच्या हाती जाणार? आणि तो समजावून सांगण्यासाठी वेगळी बैठक मिळणार का? चौथ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं तर दुसरीकडे जावं.

घरात कुणी जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलत असेल, तर मात्र कुठल्याही अहवालाची वाट बघू नये. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, बोलणं मराठीत करता येतं आणि पैसे लागत नाहीत. हा क्रमांक रुग्णासाठी आहे तसाच त्याच्या आईवडिलांसाठीही आहे.